गजाचा हात आणि दिसल्यांचा पत्रा

कुंभिवलीच्या आसपासच्या सात गावांत ज्याच्या घरी इंटरनेट आहे, त्याने एकदा तरी गजा ठोंबरेची चपराक खाल्लेली आहे. ज्याने खाल्ली नाही असं सांगितलं, त्याच्या बायकोला विचारा.

म्हणून गजाला गुंड समजू नका. माणूस वेळेवर येतो. शिडी स्वतः आणतो. काम झाल्याशिवाय चहाला हात लावत नाही. हायवेच्या कडेने पोलवरून पोलवर गेलेली ती बारीक काळी वायर त्याला अशी पाठ आहे, की पुलाखाली ट्रकने कुठे ओरखडा काढला हे तो घरी बसून सांगतो. वैगुण्य एकच. मूर्खपणा दिसला की त्याचा उजवा हात आपोआप वर जातो. बरं, हात म्हणजे हातच. भाकरीचं पीठ मळायची परात असते तेवढा.

खालापुरात एका गृहस्थाने इंटरनेटचा डबा लोखंडी कपाटात, बायकोच्या शालूंच्या घडीखाली, कुलपात ठेवला होता. चोरीला जाईल म्हणून! आणि वर तक्रार काय, तर ‘गजाभाऊ, ओटीवर नेट येत नाही.’ गजाने कपाट उघडायला लावलं, डबा बाहेर काढला, नीट पुसला आणि त्या गृहस्थाच्या टाळक्यात घातला. तीन टाके पडले. डब्याला काही झालं नाही. उलट त्या दिवसापासून ओटीवर नेट येऊ लागलं. दुसऱ्या एका बंगल्यात मुंबईच्या केयूरशेठनी डबा माशांच्या मोठ्या काचपेटीमागे लपवला होता, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. पाण्यातून नेट जात नाही हे गजाने दोनदा समजावलं. शेठ म्हणाले, ‘यू जस्ट डू युअर जॉब.’ गजाने आधी मासे बादलीत काढले. एकेक, हलक्या हाताने. मग पेटी फोडली. मग शेठची पाळी आली.

त्याचं शास्त्र सोपं होतं आणि ते तो प्रत्येक घरात बजावून सांगायचा. “आदी डब्याच्या पुढ्यात उभं राहायचं. तिथं पळतंय? मग माझ्या वायरीला शिव्या द्यायच्या नाय. तुमच्याच घरात कायतरी आडवं आलंय, ते शोधायचं. डब्यापुढंच रांगतंय? मग मला बोलवा.” एवढं सांगूनही माणूस डब्यापासून तीन भिंती पलीकडे, न्हाणीत बसून व्हिडिओ बघायचा आणि तिथूनच फोन करायचा. मग हात वर गेला तर दोष कुणाचा?

पण मागच्या डिसेंबरात प्रकरण अंगाशी आलं. दुसऱ्या कंपनीचा एक माणूस पुलाजवळच्या पोलवर चढून गजाची वायर कापत होता. वायर कापली की गिऱ्हाईक वैतागतं आणि आठवड्यात कंपनी बदलतं, हा आमच्याकडचा धंद्याचा रिवाज. गजाने त्याला खाली उतर म्हटलं नाही. पाय धरून उतरवला. खाली खडीचा ढीग होता. हासळीचं हाड मोडलं, दोन दात गेले, आणि कापलेली वायर गळ्यात घालून गजाने त्याला तसाच हायवेने चौकापर्यंत चालवला. रक्त हनुवटीवरून गळतंय, मागून गजा शिडी घेऊन, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न वाजवतायत. लग्नाची वरात एवढी रंगत नाही.

खालापूरच्या पोलिसांनी चॅप्टर केस केली. गजाला तहसीलदारांसमोर उभं केलं. शांतता राखण्याचं बंधपत्र झालं सहा महिन्यांचं. साहेब म्हणाले, “ठोंबरे, सहा महिन्यांत कुणाही माणसावर हात टाकलात तर उरलेले दिवस आत बसाल.” गजाला लाइन देणाऱ्या कंपनीनेही कळवलं, की माणूस आत गेला तर सात गावांची लाइन त्याच दुसऱ्या पार्टीकडे जाईल. म्हणजे चपराक मारायची एक, आणि जाणार तुरुंगात आणि धंद्यातून एकदमच.

घरी आल्यावर त्याची बायको पारू एवढंच म्हणाली, “तू आत गेलास तर पोलवर मी चढनार नाय. आत्ताच सांगते.”

ही बातमी गजाच्या आधी गावात पोचली. आणि मग काय विचारता! पंधरा वर्षं ज्यांनी गाल चोळले होते ते सगळे गाल बदला घ्यायला बाहेर पडले. तीन टाकेवाले गृहस्थ तर एसटी स्टँडवर त्याची वाट बघत उभे राहायचे. गजा दिसला की कान धरायचे, पिळायचे आणि विचारायचे, “काय गजाभाऊ, स्पीड किती आलं?” टपरीवर कुणी मागून टपली मारी. कुणी मुद्दाम डब्यावर ओलं फडकं वाळत घाली आणि त्याला बोलावून दाखवी. एकाने तर त्याच्या पोटात गुद्दा मारला आणि म्हणाला, “सॉरी रं, सिग्नल चेक केला.” गजाने दोन्ही हात खिशात घालायची सवय लावून घेतली. शिडी चढतानाच तेवढे बाहेर काढायचा. पाच महिन्यांत त्याने इतका मार खाल्ला, की आधी दिलेला त्यापुढे कमीच. संध्याकाळी सुजलेलं तोंड घेऊन घरी यायचा आणि कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायचा. आपली संपली, की शेजाऱ्यांची. त्या उन्हाळ्यात त्यांच्या आळीत कुणी लाकूडफोड्याला बोलावलं नाही.

शेवटचा महिना उरला तेव्हा पारू त्याच्याबरोबर कामाला जाऊ लागली. स्कूटरवर मागे बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी. ही गोष्ट मला कुणी सांगितली ते विचारू नका. पारूनेच सांगितली, पण तिला कळू देऊ नका.

आता दिसले बंधूंकडे येऊ.

कुंभिवलीच्या पुढे, रस्त्यापासून आत, दिसल्यांचं कौलारू घर. थोरला सदू, धाकटा चांगो, आणि दोघांची आई अंबाबाई. दोघे भाऊ लहानपणापासून एका ताटात जेवले आणि त्याच ताटाने एकमेकांना बडवत आले. यंदा शिमग्याला होळीपुढे कुणी आधी नारळ टाकायचा यावरून जुंपली. सदूने चांगोचा अंगठा चावला, तो नख निघेपर्यंत. चांगोने सदूला जळत्या लाकडाने पाठीवर डागलं. दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. घराच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून कौलापर्यंत पत्रा ठोकला. चार दिवसांनी चांगोने आपल्या बाजूने आणखी एक पत्रा ठोकला. का? तर म्हणे सदू कान देऊन ऐकतो. गावभर सांगत सुटला, “माझा भाऊ घुशीसारका पत्र्याला चिकटून असतो. त्याला लाज नाय.”

इंटरनेट अंबाबाईच्या नावावर. डबा पुढच्या खोलीत, ती आली सदूच्या वाट्याला. पंचांनी ठरवून दिलं, की नेट दोघांचं. पण चांगोकडे ते येईना. त्याची मुलगी रिया खोपोलीच्या एका कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम घरून करायची. मीटिंग सुरू झाली की तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं पडद्यावर. चांगो गजाला फोन करायचा. गजा यायचा, सदूच्या घरात डब्यासमोर उभा राहायचा, मोबाइलवर स्पीड बघायचा. नेट घोड्यासारखं पळतंय! “तुमच्या घरात कायतरी आडवं आलंय,” असं सांगून निघून जायचा. असं चार वेळा झालं.

तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस चांगोच्या घरात का गेला नाही? अहो, कसा जाणार? आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की एक कायदा लागू होतो, तो कुठल्याही कचेरीत लिहिलेला नाही. ज्याने एका भावाचा उंबरा ओलांडून पाणी घेतलं, त्याने त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर तो पहिल्याचा माणूस. लसवाल्या बाई दिसल्यांकडे दोन वेगवेगळ्या दिवशी यायच्या. पोस्टमन मधोमध उभा राहून हाक मारायचा. गजा डब्यासाठी सदूकडे शिरायचा, सदूची बायको तांब्या पुढे करायची, आणि संपलं. चांगोच्या दारातून त्याला दगड मिळायचा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी चांगोचा पाचवा फोन आला. “आज नीट केलं नायस तर तुझी शिडी तुझ्यासकट जाळीन.” गजा आणि पारू अकराच्या सुमारास पोचले, तर अंगणात दोघे भाऊ आधीच तयार. चांगोच्या हातात फावड्याचा दांडा, सदूच्या हातात मुसळ.

“तूच दाबून ठेवलंयस नेट!” चांगो.

“आरं येड्या, नेट काय नळ हाय व्हय, तोटी दाबायला?”

“मग तुझी पोरं दिसभर पिच्चर बघतात आन् माझी रिया कामावर तोंड वासून बसते, ती कशी?”

“ती तुझ्यावर गेलीय, म्हून!”

दांडा फिरला. सदूच्या खांद्यात बसला, तो आवाज अंगणाबाहेर गेला. सदूने मुसळ गुडघ्यावर घातलं. चांगो एका पायावर उभा राहून मारत होता, सदू एका हाताने. गजा मध्ये शिरला. शिरायला नको होतं. पण कामाच्या ठिकाणी दुसऱ्याने मारामारी केलेली त्याला सोसत नसे. दांडा त्याच्या पाठीवर पडला. मुसळाचं टोक बरगडीत गेलं. गजाचा हात उचकला.

“खिशात!” पारू ओरडली. “हात खिशात घाल! खिशात!”

आणि खरोखर, दोन्हीकडून मार खात तो माणूस दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. ओठ फुटला. रक्त शर्टावर आलं. अंबाबाई पायरीवर बसून लसूण सोलत होती, ती म्हणाली, “बाबा, तू तरी बाजूला हो. यांचं आटपायला येळ लागतो.”

धाप लागली तेव्हा दोघे थांबले. गजा रक्त थुंकून म्हणाला, “चांगोदादा, आज म्या सदूदादाकडं पानी घेतलेलं नाय. मला तुमच्या घरात येऊ दे.”

चांगोने मानेनेच आपलं दार दाखवलं. कायदा कायदा असतो.

गजा पहिल्यांदाच त्या बाजूला गेला. आत रिया कॉम्प्युटरपुढे बसलेली, तिच्या मागे जमिनीपासून कौलापर्यंत चकचकीत पत्रा. गजाने मोबाइल काढला. दारात सिग्नलच्या दोन दांड्या, पत्र्याजवळ एकही नाही. त्याने बोटाने पत्रा वाजवला. आवाज भरीव आला. कडेने नखाने उचकून पाहिलं. एकामागे एक, दोन.

“रिया, हा कवा लावला गं?”

“शिमग्यानंतर.”

“आन् नेट कवापासून येत नाय?”

“शिमग्यानंतर.”

“मग चार डाव फोन केला, तवा कुणाच्या तोंडातून पत्रा म्हनून शब्द निघाला नाय?”

रिया ओशाळून म्हणाली, “काका, घरातलं वाटप फोनवर काय सांगायचं?”

आता गजाचा चेहरा कसा झाला ते पारूने मला करून दाखवलं होतं. मला लिहून दाखवता येत नाही. चार फेऱ्या, पाच महिन्यांचा मार, आणि इथे ही माणसं नेटच्या तोंडावर लोखंडाची दोन कवाडं ठोकून वायरीला शिव्या देत होती! पण तो अंगणात आला आणि शांतपणे, अगदी तहसीलदारांसमोर बोलावं तसं, दोघांना म्हणाला, “पत्र्यातून नेट जात नाय. एक वायर इकडून तिकडं टाकतो आन् तिकडं दुसरा डबा बसवतो. तासाभराचं काम हाय.”

“त्याच्या घरातली वायर माझ्या घरात? नाय,” चांगो म्हणाला.

“माझ्या वाशाला त्याच्यासाटी खिळा ठोकायचा नाय,” सदू म्हणाला.

“मग पत्र्याला खिडकीएवढं भोक पाडू.”

“म्हंजे ह्यानं आत बघायचं?” हे मात्र दोघे एकदमच म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचं एकमत झालं.

“मग नेट इसरा,” गजा म्हणाला.

तेव्हा चांगो लंगडत पुढे आला. “खोट तुझ्या डब्यात, आन् भोक माझ्या घराला? सदूनं किती चारलं तुला?” आणि त्याने गजाच्या फुटलेल्या ओठावर सणसणीत एक ठेवून दिली. गजाचं डोकं बाजूला गेलं. परत सरळ झालं तेव्हा उजवा हात खिशाबाहेर आला होता.

अंबाबाईसुद्धा लसूण सोलायची थांबली. चांगोला तेवढ्यात आठवलं असावं, की हा तोच हात. तो दोन पावलं मागे सरकला. पण अर्धा हसतही होता. एक पडली असती, की गजा आत आणि फुकटात हिशेब चुकता.

सदूने विहिरीचे दगड फोडायला आणलेला घण भिंतीला टेकवलेला होता. पारूने तो दोन्ही हातांनी फरफटत आणला आणि गजाच्या त्या मोकळ्या हातात दिला.

“मानसाला नाय,” ती म्हणाली. “पत्र्याला मार. बंधपत्रात पत्र्याचं नाव नाय.”

गजा वळला तो सरळ सदूच्या घरात. कुणी अडवलं नाही. तुम्ही अडवलं असतंत? सदू मागोमाग गेला, कारण दोनांतला एक पत्रा त्याचा होता आणि त्याला तो कसा फुटतो ते बघायचं होतं. पहिला घाव बसला तेव्हा कौलांतून पन्नास वर्षांची धूळ खाली आली. दुसऱ्याला पत्रा ताटासारखा आत गेला. तिसरा घाव गजाने पाच महिन्यांतल्या सगळ्या गालांची आठवण काढून घातला असावा. पत्रा पलीकडे फुगला आणि त्याच क्षणी पलीकडून किंकाळी आली. माणसाची.

चांगो खाली पडला होता. कान अर्धा लोंबत होता आणि रक्त मानेवरून बनियनमध्ये चाललं होतं. घण काही त्याला लागला नव्हता, फुगलेला पत्रा लागला. पण तो इतका जवळ करत काय होता, हे त्या क्षणी विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण गजा थांबलाच नाही. चौथा, पाचवा, सहावा. सुपाएवढं भोक पडलं, कडा आतबाहेर वाकड्या. त्या भोकातून गजाचं घामाने थबथबलेलं तोंड दिसलं, आणि रिया खुर्चीवरून उडी मारून ओरडली, “आलं! आलं! फुल्ल हाय!”

“बापाचा कान गेला आन् फुल्ल हाय म्हनतेस?” चांगो किंचाळला. मग त्याच्या ध्यानात काय आलं कोण जाणे, रक्ताने माखलेलं तोंड एकदम उजळलं. “बंधपत्र! ह्यानं मला मारलं! चला खालापूर!”

टेंपोत चांगो कानाला टॉवेल लावून पुढे, मागे सदू, गजा, पारू, आणि जागा होती म्हणून आणखी आठ जण. मी त्या दिवशी खालापुरातच होतो, सातबाऱ्याच्या कामाला. टेंपो पोलीस ठाण्यापाशी थांबलेला पाहिला आणि माझं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. सातबारा कुठे पळून जातो?

दारात आम्ही तीस-चाळीस माणसं. आत हवालदार कागद घेऊन बसलेला. गजा भिंतीला लागून, हात खिशात, चेहरा राखेसारखा. पारू त्याचा दंड धरून. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की चांगोला शिव्या देत होती, ते सांगता येत नाही.

“सांगा,” हवालदार म्हणाला. “यांनी तुम्हाला मारलं?”

“मारलं. घणानं.”

“कुठे?”

“कानावर.”

“घण लागला कानाला?”

“घण नाय… पत्रा लागला. पत्र्यावर घण मारला.”

हवालदाराने पेन थांबवलं. “ठोंबरे पत्र्याच्या त्या बाजूला होते?”

“व्हय.”

“तुम्ही या बाजूला, तुमच्या घरात?”

“व्हय.”

“घण चालू आहे, घर हादरतंय. आणि तुमचा कान पत्र्याला लागलेला. कसा काय?”

चांगोने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, अगदी रियाचं मीटिंगमध्ये राहायचं तसं. दारातल्या चाळीस माणसांनी माना पुढे काढल्या. सदू भिंतीपासून हळूच पुढे आला. खांदा सुजून नारळाएवढा झालेला, पण चेहरा असा फुलला, की जणू लॉटरी लागली.

“मी आन् गजा आत काय बोलतो, ते ऐकत व्हतास?” सदू म्हणाला. “रोज ऐकतोस व्हय रं चांग्या?”

“मी लिहितो,” हवालदार म्हणाला. “‘मी पत्र्याला कान लावून भावाचं बोलणं ऐकत असताना…’ बरोबर ना? मग खाली सही करायची. हे सगळं साहेबांसमोर वाचून दाखवावं लागेल.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. मग दुसरं. तीन टाकेवाले गृहस्थही आले होते. ते गजाला आत जाताना बघायला आले होते, पण हसू त्यांनाही आवरेना.

चांगोने एकदा गजाकडे बघितलं. समोर आयती शिकार, एक सही केली की गजा उरलेले दिवस आत. मग त्याने दाराकडे बघितलं. त्या चाळीस जणांत त्याचे व्याही होते. टॉवेलमधून रक्ताचे थेंब फरशीवर पडत होते, टप टप, आणि तो विचार करत होता. इतका वेळ विचार करताना मी दिसल्यांपैकी कुणालाच पाहिलेलं नाही.

“लिवू नका,” तो शेवटी म्हणाला. “मी पडलो.”

“कशावर?”

“माझ्या मनानं पडलो. तुमाला काय करायचंय?”

हवालदाराने कागद फाडला. पारूने गजाचा दंड सोडला, तर तिथे तिच्या पाच बोटांचे वळ उठले होते. चांगोला सरकारी दवाखान्यात नेलं. कानाला नऊ टाके पडले. सदू त्याच्याबरोबर गेला, कारण टेंपो एकच होता. जाताना दोघांची वाटेत पुन्हा जुंपली, असं ड्रायव्हर म्हणाला.

उरलेला महिना गजाने हात खिशात घालून काढला, आणि खरं सांगायचं तर कुणी फारसं वाटेला गेलं नाही. तारखा सगळ्यांनाच मोजता येतात. जूनमध्ये बंधपत्राची मुदत संपली त्या मंगळवारी टपरीवर कुत्रं नव्हतं. तीन टाकेवाले गृहस्थ कर्जतला मेव्हण्याकडे आठ दिवसांसाठी गेले, मेव्हण्याने न बोलावता.

गजा नऊ वाजता शिडी न घेता निघाला आणि सरळ चांगोच्या अंगणात गेला. चांगो तिथे उभा होता. पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. कान जरा वाकडा जुळला होता. त्याने हातातलं फावडं बाजूला ठेवलं आणि गाल पुढे केला.

गजाने एकच मारली. चांगो तुळशीपर्यंत गेला आणि तिथे बसला. पायरीवरून अंबाबाईने पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. थोड्या वेळाने चांगो उठला, धोतर झटकलं, तोंडातलं रक्त थुंकलं.

“नेट कसं हाय?” गजाने विचारलं.

“बरं हाय,” चांगो म्हणाला. “संध्याकाळचं जरा मंद होतं.”

“डब्याच्या पुढ्यात उभं राहून बघितलं का?”

चांगो वाकडा कान खाजवू लागला. गजाने हात पुन्हा वर केला, तसा तो लंगडत सदूच्या दाराकडे निघाला, बघायला.